वेळेवर न आलेला रुपया
डहाणू-तलासरीतील आदिवासी विद्यार्थ्यांच्या शासकीय अनुदानाविषयी

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले आणि या किनारपट्टीचे नाव दूरच्या बाजारपेठांत पोहोचले. वाड्यांच्या कुंपणापलीकडे, पूर्वेच्या डोंगराळ पट्ट्यात आणि गुजरातच्या सीमेला भिडलेल्या तलासरीत मात्र निराळाच हिशेब चालतो. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यात दर दहा माणसांपैकी नऊ अनुसूचित जमातींची आहेत. डहाणूतही त्यांचे प्रमाण निम्म्याहून बरेच अधिक आहे. या मुलांच्या शिक्षणासाठी शासनाने आखलेल्या योजना थोड्याथोडक्या नाहीत. मात्र मंजूर झालेला पैसा मुलाच्या हाती केव्हा पडतो, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही.

महाराष्ट्र शासनाने १९९२ मध्ये एक योजना आणली. अनुसूचित जाती-जमाती व भटक्या-विमुक्तांतील दारिद्र्यरेषेखालील घरांच्या, पहिली ते चौथीत शिकणाऱ्या मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसाला १ रुपया द्यायचा. हेतू निर्मळ होता. मुलगी घरी राहिली तर धाकटे भावंड सांभाळते, सरपण आणते. ती शाळेत गेली तर घराचे जे नुकसान होते, त्याची थोडी भरपाई व्हावी. वर्षभर हजर राहणाऱ्या मुलीला यातून जेमतेम २२० रुपये मिळत. तीस वर्षे उलटली तरी तो रुपया रुपयाच राहिला. तीन दशके भावाची पाटी न बदलणारे दुकान कुठे पाहायला मिळेल?

मुलांच्या गैरहजेरीचे कारण फीमध्ये नसून घरच्या कामात आहे, हे या भागाला फार पूर्वी उमगले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी मुले वर्गात येईनात, तेव्हा वर्गच कुरणात भरू लागला. ‘कुरणशाळा’ हा शब्द तिथला. १९४५ हेच वर्ष वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्धच्या उठावाचे. तलासरीजवळच्या झरी गावातील सभेने त्याला तोंड फोडले. या मुलखातील जमीनदार-सावकारांच्या जुन्या वह्यांत वारली माणूस बहुधा ऋणको म्हणूनच भेटतो, हेही व्यापारी घरांनी विसरू नये.

आज गुरांची जागा स्थलांतराने घेतली आहे. भातकापणी उरकली, दिवाळी झाली, की अनेक कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. मूल बरोबर गेले की त्याचे शाळेचे वर्ष गेले. यावर दोन मार्ग आहेत. एक, समग्र शिक्षा योजनेतील हंगामी वसतिगृह; या योजनेत केंद्र व राज्य यांचा वाटा ६०:४० असा आहे. दुसरा, आश्रमशाळा. डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीत शासकीय आश्रमशाळा चालतात, तशाच स्वयंसेवी संस्थांच्या अनुदानितही.

अनुदानित शाळेचा व्यवहार समजून घेण्याजोगा आहे. मान्य पदांवरील शिक्षकांचे वेतन शासन देते आणि निवासी मुलांच्या संख्येवर परिपोषण अनुदान देते. पण मुले रोज दोन वेळा जेवतात. अनुदान मात्र प्रस्ताव, तपासणी, मंजुरी असे टप्पे ओलांडून हप्त्याहप्त्याने येते. मधल्या काळात कोठार भरायचे कसे? गावच्या किराणा व्यापाऱ्याच्या उधारीवर. म्हणजे शासनाच्या योजनेला अल्पमुदतीचे भांडवल पुरवणारा एक घटक बाजारपेठेत बसलेला असतो, आणि त्याचा उल्लेख कोणत्याही शासन निर्णयात सापडत नाही. हप्ता लांबला आणि दुकानदाराने हात आखडला, की ताटातली डाळ पातळ होते.

शिक्षकांच्या बाबतीतही वेळेचीच रड आहे. शासकीय आश्रमशाळांतील रिक्त पदे वर्षानुवर्षे रोजंदारीवर भागवली गेली. २०२५ मध्ये ती बाह्यस्रोतातून भरण्याचे ठरले, तेव्हा रोजंदारी शिक्षकांनी नाशिकला बिऱ्हाड आंदोलन केले. पुढच्या सत्रात आपण असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने वारली बोलणाऱ्या पहिलीच्या मुलाला प्रमाण मराठीपर्यंत धीराने आणावे, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

बारावीनंतर तर कागदांची परीक्षा सुरू होते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. मुंबईसारख्या शहरात शिकणाऱ्यास भोजन, निवास व निर्वाहासाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. त्यासाठी जातीचा दाखला हवा, उत्पन्नाचा हवा, आधारशी जोडलेले खाते हवे, ८० टक्के हजेरी हवी. हे नियम चुकीचे नाहीत. थेट खात्यामुळे मधले हात कमी झाले, हा लाभ मोठाच. परंतु खोलीची अनामत पहिल्या दिवशी मोजावी लागते आणि हप्ते रखडल्याच्या तक्रारी वारंवार होतात. तलासरीच्या पाड्यावरून आलेली मुलगी दोन-तीन महिने कशावर काढणार? तिने महाविद्यालय सोडले, तर पुढे आलेला हप्ता कोणाच्या कामाचा?

आपल्या समाजात विद्यादानाची परंपरा जुनी आहे. शाळेला वर्गखोली, पाण्याची टाकी, वह्यांचे गठ्ठे दिले जातात. कोनशिलेवर नावे कोरली जातात. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. डहाणू-तलासरीत मात्र वह्यांपेक्षा उणीव आहे ती मधल्या तीन महिन्यांची. मंजुरीपत्र दाखवावे, बिनव्याजी उचल घ्यावी, हप्ता जमा झाला की परत करावी, इतका सोपा हा व्यवहार. एका विद्यार्थ्याला १५,००० रुपये लागले असे धरले, तर दीड लाखाची रक्कम एका वेळी दहा जणांना पुरते आणि पुढच्या वर्षी पुन्हा दहा जणांना. एखादी उचल बुडेल, हेही गृहीत धरावे. बुडीत खाते कोणत्या पेढीला नसते? सोबत दाखल्यांचे अर्ज भरून देणारा, बंद पडलेले खाते सुरू करून घेणारा एखादा निवृत्त कारकून बसवावा. महाविद्यालयांचे प्रवेश जूनच्या सुमारास सुरू होतात. उत्पन्नाच्या दाखल्यांचे काम एप्रिलमध्येच हाती घ्यावे लागेल.