विमानवाले नाना

आमच्या घरात जेवणाच्या पानावरून उठायला सक्त मनाई होती. पण एका माणसाला ती कधीच लागू झाली नाही. ते म्हणजे आमचे वडील, नाना! आकाशात घरघर ऐकू आली, की हात आमटीत असो नाहीतर ताकात, नाना तसेच अंगणात पळायचे. मागून आई ओरडायची, ''अहो, आले का तुमचे पाहुणे? पान तरी झाकून जा!''

आमचं गाव निफाड तालुक्यातलं. जवळच ओझरला १९६४ मध्ये विमानाचा कारखाना उभा राहिला आणि तिथे 'मिग' विमानं तयार होऊ लागली. वसाहतीचं नावही 'ओझर मिग' पडलं. बायका द्राक्षाच्या बागेत खुडणीला वाकलेल्या असायच्या आणि डोक्यावरून विमान कडाडत जायचं. बाकीच्यांना त्याची सवय झाली. नानांना मात्र कधीच झाली नाही.

नाना एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. दिवसभर बसच्या पोटाखाली आणि संध्याकाळी मान वर आकाशात. आम्हा भावंडांना ते कागदाची पट्टी ओठाखाली धरायला लावायचे. ''आता वरून फुंकर मार.'' फुंकर मारली, की लोंबती पट्टी अलगद वर उचलायची. ''बघ, विमान पण असंच हवेच्या जिवावर उचलतं!'' 'मिग'च्या शेपटीतून जाळ का निघतो, हे त्यांनी आईच्या स्टोव्हवर समजावलं होतं. इंजिनातून निघालेल्या तापलेल्या झोतात आणखी इंधन फवारतात, म्हणून जाळ आणि ताकद दोन्ही वाढतात. हे सांगताना त्यांनी स्टोव्हला इतके पंप मारले, की भडका छताला लागायचा बाकी होता. त्या दिवशी आईने दोघांची, म्हणजे नानांची आणि स्टोव्हची, चांगलीच हजेरी घेतली.

माणूस तसा भारीच हौशी. गणपतीत आरास त्यांची, लग्नात पंगत वाढायला पुढे तेच. आमच्या पंगतीत तर ते हवाई सुंदरी व्हायचे. पंचा खांद्यावर पदरासारखा टाकून म्हणायचे, ''कृपया कमरेचे पट्टे बांधा, वरण-भात येत आहे!'' आम्ही हसून लोळायचो.

पण मैत्रिणींनो, हौशी माणसाचा संसार करणं सोपं नसतं. एका दिवाळीला बोनस मिळाला. आईने मिक्सरचं स्वप्न पाहिलं होतं. नाना घरी आले ते गळ्यात दुर्बीण अडकवून! आई तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी नानांनी स्वतः पाट्यावर चटणी वाटली. ''मिक्सर येईपर्यंत हा मिक्सर चालेल का?'' आईला हसू आवरलं नाही. मिक्सर यायला मात्र पुढची दोन वर्षं गेली आणि चटणी बहुतेक वेळा आईनेच वाटली, हेही सांगायला हवं.

विमान पडल्याची बातमी आली, की हेच नाना गप्प व्हायचे. मिग-२१ चे अपघात खूप झाले. पेपरवाले त्याला 'उडती शवपेटी' म्हणू लागले. नानांना तो शब्द सहन व्हायचा नाही. म्हणायचे, ''त्यात कुणाचं तरी पोरगं बसलेलं असतं.'' त्या रात्री ते जेवायचे नाहीत. आईही आग्रह करायची नाही.

१९८५ च्या नोव्हेंबरमध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन या दोघींनी कलकत्त्याहून सिल्चरला विमान नेलं. चालवणाऱ्या दोघीही बायका! ती बातमी नानांनी घरात मोठ्याने वाचली, शेजारी जाऊन वाचली, डेपोत वाचली. मी तेव्हा शाळेत होते. ''आपली देशमुखांची पोर विमान चालवते,'' असं ते ज्याला त्याला सांगायचे. जणू ती आमच्याच भावकीतली!

पुढे दहावी झाल्यावर मला मेकॅनिकलच्या डिप्लोमाला जायचं होतं. नातेवाईक जमले. ''मुलीच्या जातीला नट-बोल्ट कशाला? चांगलं स्थळ आलंय, उरकून टाका.'' आईचाही जीव खालीवर होत होता. सतत थट्टा करणारे नाना त्या दिवशी अजिबात हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, ''ती विमान चालवेल का, ते मला माहीत नाही. पण तिचा पाना मी कुणाला हिसकावू देणार नाही.'' स्थळ परत गेलं. दोन-तीन घरांशी येणं-जाणं कायमचं तुटलं. त्याची किंमत आईने जास्त मोजली, कारण ती घरं तिच्या माहेरची होती. मी विमान काही चालवलं नाही, पण आज मुला-मुलींना यंत्रं शिकवते. माझ्या वर्गात हातात पाना धरलेली मुलगी दिसली, की मला ती दुपार आठवते.

आयुष्यभर विमानं पाहणारा हा माणूस विमानात मात्र बसला नव्हता. एकदा एका मित्राने मुंबईहून नेण्याची तयारी दाखवली, तर म्हणाले, ''बसेन तर हिच्याबरोबरच!'' आणि 'ही' तर भीतीने नावच काढू देत नव्हती.

अखेर २००६ मध्ये योग आला. धाकटा भाऊ बंगळूरला नोकरीला होता. एअर डेक्कनची स्वस्त तिकिटं निघाली होती, त्यातली दोन त्याने काढली. त्या विमानात जागेचा नंबर नसायचा, जो आधी पोचेल त्याची खिडकी! साठी ओलांडलेले नाना एसटीत रुमाल टाकायला धावावं तसे धावले आणि खिडकी पटकावली. मग त्या खिडकीशी आईला बसवलं. आईने डोळे घट्ट मिटले होते. ढगांच्या वर गेल्यावर नाना हळूच म्हणाले, ''अगं, कापूस पिंजून ठेवलाय बघ.'' आईने एक डोळा उघडला. मग दुसरा. उतरेपर्यंत तिने काचेचं नाक सोडलं नाही आणि नाना तिच्याकडेच बघत राहिले. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी शेजाऱ्यांना वाटायला मात्र ते विसरले नाहीत! तेव्हा बंगळूरचा विमानतळही 'एचएएल'चाच होता. उतरल्यावर म्हणाले, ''बघ, आपल्याच माणसांच्या अंगणात उतरलो.''

२०२३ मध्ये नाना गेले. घर एकदम मुकं झालं. विमान गेलं, की आई आत निघून जायची.

२०२५ च्या २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. आई टीव्हीसमोर पदर सावरून बसली होती. कार्यक्रम संपल्यावर म्हणाली, ''बरं झालं, ह्यांनी हे पाहिलं नाही.'' आणि थोड्या वेळाने, ''पाहायला हवं होतं गं.''

तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला ओझरहून नवं 'तेजस मार्क-१ए' उडालं. मी दिवाळीसाठी माहेरी आले होते. आई चकल्या तळत होती. आवाज आला तशी तिने झारा हातात घेऊनच अंगण गाठलं. कपाळावर हात धरून आकाशात बघत राहिली.

''हा आवाज वेगळा आहे,'' ती म्हणाली. ''नवीन पाहुणा दिसतोय.''

मग मागे वळून, रिकाम्या ओटीकडे बघत, नेहमीच्याच आवाजात म्हणाली, ''अहो, आलं बघा तुमचं विमान!''

आत कढईतल्या चकल्या करपल्या. त्या दिवशी आम्ही त्याच खाल्ल्या.