एंजलच्या घरी पाळणा हलतो तेव्हा

फिशटँकमधला एंजल मासा म्हणजे मोठा रुबाबदार प्राणी. संथ पोहणार, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एक दिवस हाच मासा एकदम बिथरतो. मॉलीच्या मागं लागतो, गुरामीला कोपऱ्यात दाबून धरतो, काचेवर टेकवलेल्या तुमच्या बोटावरसुद्धा चाल करून येतो. आजारी पडला की काय? छे! टाकीतल्या त्या रुंद पानाकडे जरा नीट बघा. बारीक मण्यांसारखी अंडी ओळीनं चिकटवलेली दिसतील. एंजलला आता घर सांभाळायचंय!

एंजल मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. त्याच्या कुळाला 'सिक्लिड' म्हणतात. पुष्कळ मासे अंडी टाकतात आणि चालू लागतात. सिक्लिड मंडळी मात्र लेकुरवाळी. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या कित्येक जातींची आई तर अंडी तोंडातच सांभाळते, आणि तेवढे दिवस जवळजवळ उपाशी राहते. आपल्या कोकणातल्या खाड्यांत मिळणारं कालुंदरसुद्धा याच घराण्यातलं बरं का! तेही अंड्यांची राखण करतं.

एंजलमधला नर कुठला नि मादी कुठली, हे नुसतं बघून ओळखणं अवघड. दुकानदारानं छातीठोकपणे 'जोडी' म्हणून दिलेल्या दोन्ही माद्याच निघाल्या, असंही होतं. अशा माद्या अंडी घालतातही, पण ती फुकट जातात. म्हणून लहान असतानाच पाच-सहा एंजल आणावेत. मोठे झाले की त्यांची जोडी तेच जमवतात. पानाची नाहीतर काचेची एक जागा दोघं मिळून तोंडानं घासूनपुसून साफ करायला लागले, की समजावं. मग मादी त्या जागेवरून हळूहळू वर सरकत अंडी चिकटवत जाते, नर तिच्या मागोमाग. एका वेळी दोन-तीनशे अंडी सहज असतात. नंतर दोघं आळीपाळीनं परांनी वारा घालत बसतात. आपल्याला तो वारा वाटतो, पण अंड्यांवरून ताजं पाणी वाहतं ठेवायची ती युक्ती आहे. पांढरी पडलेली अंडी ते खाऊन टाकतात, म्हणजे बुरशी शेजारच्या अंड्यांना लागत नाही.

आता खरी अडचण. टाकीत बाकीचे भाडेकरूही असतात ना!

आमच्या टाकीत पहिल्यांदा अंडी दिसली, तेव्हा आम्ही घरभर नाचलो. सकाळी बघतो, तर पान स्वच्छ! टायगर बार्बवर सगळ्यांचा संशय. पुढच्या खेपेला रात्री टॉर्च घेऊन पहारा केला, तेव्हा चोर सापडला. दिवसभर काचेला चिकटून गरीब चेहऱ्यानं शेवाळ खाणारा सकर मासा! अंधारात एंजलना दिसत नाही, आणि हा स्वारी करतो. तेव्हापासून अंडी असताना आम्ही खोलीत एक मंद दिवा रात्रभर ठेवू लागलो. राखण करणाऱ्याला दिसायला तर हवं! अर्थात चोर दर वेळी बाहेरचाच असतो असं नाही. नवखे आईबाप घाबरले की आपलीच अंडी खातात. त्यांच्यावर रागावू नका, दोन-चार खेपांनंतर पुष्कळ जोड्या सुधारतात.

बाकीच्या माशांचंही बघायला हवं. दोन फुटी टाकी असेल तर त्यांना पळायला जागाच उरत नाही. पर फाटतात, एखादा मरतोही. अशा वेळी मध्ये काचेचा पडदा सरकवावा, नाहीतर अंडीच हलवावीत. त्यासाठी जुन्या दगडी पाटीचा तुकडा धुऊन आधीच तिरका उभा करून ठेवा. एंजलना अशी उभट जागा आवडते. पाटीवर अंडी दिसली, की ती पाण्यातल्या पाण्यात भांड्यात घेऊन वेगळ्या छोट्या टाकीत ठेवा. पाणी त्याच टाकीतलं, २७-२८ अंश उबेचं. पाटीच्या शेजारून हवेचे बुडबुडे जाऊ द्या. आईच्या परांचं काम ते करतात. आणि हो, पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटरचं बटण मोठ्यांकडून बंद करून घ्या.

मला विचाराल तर पहिल्या एक-दोन खेपांना काहीच हलवू नका. पिल्लं वाचतील न वाचतील, पण बघायला जे मिळतं ते दुसरीकडे नाही! दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात आणि पान नुसतं वळवळायला लागतं. एखादं पिल्लू सुटून खाली पडलं, की आई नाहीतर बाबा ते तोंडात झेलून पुन्हा जागेवर चिकटवतो. अंडी घातल्यापासून आठवडाभरात पिल्लं पोहायला लागतात आणि आईबापांभोवती त्यांचा ढगच तरंगतो.

पोहू लागली की भूक लागते. मिठाच्या पाण्यात आर्टेमियाची अंडी भिजत घातली, की दीड दिवसात त्यातून ठिपक्याएवढे जीव निघतात. ते गाळून, गोड्या पाण्यानं धुऊन दिवसातून तीन-चार वेळा द्यावेत. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून देतात, पण तो जरा जास्त झाला की पाणी नासतं. वीज गेली तर एअर पंप बंद पडतो, तेव्हा वाटीनं पाणी हलवत बसायची तयारी ठेवा.

एवढी पिल्लं ठेवायची कुठं, हे आईबाबांशी आधीच बोलून घ्या. रुपयाच्या नाण्याएवढी झाली की काही दुकानदार ती घेतात, पण आधी विचारलेलं बरं. मित्रांनाही देता येतील. तळ्यात किंवा नदीत मात्र एकही सोडायचा नाही. आफ्रिकेतली तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, हीही सिक्लिडच. १९५२ मध्ये ती भारतात आणली, आणि आज कितीतरी धरणांत तिनं ठाण मांडलंय. स्थानिक माशांच्या खाण्यात नि जागेत ती वाटा मागते.

आणि नाण्याएवढी व्हायची वाट बघता बघता पाटीकडेही लक्ष असू द्या. दोन-तीन आठवड्यांत तिथं पुन्हा घासपूस सुरू झालेली असेल!