दरड गेली, धसका राहिला : उपचारांची पाहणी कशी व्हावी?

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या माणसाला पावसाळ्याचे भय सांगावे लागत नाही. २००५ च्या जुलैमध्ये जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. २४ ऑगस्ट २०२० ला महाड शहरात पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे दगावली. २२ जुलै २०२१ ला तळियेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूरच्या केवनाळे आणि सुतारवाडीवर दरडी आल्या, महाड शहर पाण्याखाली गेले.

प्रत्येक वेळी घराचा, गुरांचा, भातशेतीचा पंचनामा झाला. मनाचा पंचनामा झाला नाही. आता मात्र संस्था, विद्यार्थी, संशोधक वस्तीत येतात, फॉर्म भरून घेतात आणि विचारतात, "त्या घटनेनंतर त्रास झाला का? उपचार घेतले का? गुण आला का?" असे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण ते कुणाला, कसे आणि कधी विचारले, यावर उत्तर खरे की खोटे हे ठरते. म्हणून या वेळी आरोग्य पानावर आम्ही औषधाची नव्हे, तर औषधाच्या पाहणीची माहिती देत आहोत.

आजार कोणता?

वस्तीत आपण म्हणतो, "त्याने धसका घेतलाय." डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे आघातानंतरचा तणावाचा आजार. जीवावरचा प्रसंग ओढवल्यावर चार-आठ दिवस झोप उडणे, दचकणे हे साहजिक आहे. बहुतेकांचा हा त्रास आपोआप ओसरतो. पण महिना उलटूनही तो दिवस पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो, वाईट स्वप्ने पडतात, माणूस त्या जागेकडे फिरकत नाही, जगण्यातले मन उडते, पत्र्यावर पाऊस वाजला तरी छाती धडधडते, आणि कामधंदा, घरसंसार अडतो, तेव्हा तो आजार समजावा. फक्त पुरामुळेच हे होते असे नाही. कंपनीतला स्फोट, मारहाण, नवऱ्याचा मार, बलात्कार, जातीवरून झालेला हल्ला यांतूनही होते. त्यामुळे ज्या पाहणीत घटनांच्या यादीत फक्त पूर आणि दरड असते, ती आपल्या वस्तीचे अर्धेच दुखणे मोजते.

यावर उपचार आहेत. प्रशिक्षित समुपदेशकाकडे त्या प्रसंगाविषयी टप्प्याटप्प्याने बोलण्याची उपचारपद्धती आहे. डोळ्यांच्या हालचालींचा उपयोग करणारी ईएमडीआर नावाची पद्धत आहे. सर्ट्रालिनसारखी औषधे आहेत, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. मात्र झोपेची गोळी म्हणजे धसक्यावरचा उपचार नव्हे. प्रसंगानंतरच्या पहिल्या महिन्यात तणावाच्या त्रासासाठी अल्प्राझोलाम, डायझेपाम या जातीच्या गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली सांगितले. या गोळ्यांची सवय लागते. पण कुणी त्या बरेच दिवस घेत असेल तर एकदम बंद करू नयेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्यात.

पाहणीची गरज का?

निम्हान्स या बंगळूरच्या संस्थेने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, असे त्यात दिसले. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे सावित्रीकाठच्या वाडीत किती जणांना उपचार मिळाले आणि किती जणांनी ते अर्ध्यावर सोडले, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मनोविकारतज्ज्ञांनी वाचलेल्या ४२ जणांची तपासणी केली, त्यांत निम्म्याहून अधिक लोकांत मानसिक आजार आढळला. अशा कामाने डोळे उघडतात. पण ४२ माणसांवरून सगळ्या तालुक्याचा हिशोब मांडता येत नाही. त्यासाठी पाहणीची आखणी नीट लागते.

दवाखान्यात बसून मोजू नका

सर्वात मोठी गफलत इथे होते. समजण्यासाठी एक हिशोब धरू. १०० जणांनी उपचार सुरू केले. सहा महिन्यांनी दवाखान्यात ३० जण येत आहेत. त्यांना विचारले, तर २४ जण म्हणाले, बरे वाटते. अहवालात लिहिले जाईल, "८० टक्के रुग्णांना गुण." पण उरलेले ७० कुठे गेले? कुणी बरे होऊन थांबले असेल. कुणाला अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जायला एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे परवडले नसेल. कुणाला गोळीने गुंगी आली, कुणाला घरच्यांनी "वेडा झालास का" म्हणून अडवले, कुणी दारूला लागला, कुणी जीव दिला. या ७० जणांना शोधले नाही तर १०० पैकी बरे झालेले २४ असू शकतात आणि ९४ ही असू शकतात. अशा आकड्यावर योजना आखायची कशी?

म्हणून चांगली पाहणी उपचार सोडून गेलेल्यांच्या दारात जाते. आपल्याकडे त्यातले पुष्कळ जण मुंबईला असतात. तळियेसारख्या ठिकाणी तर गावच जागेवरून हलले. तेव्हा घटनेच्या दिवशी गावात कोण होते, ही यादी धरून माणसे शोधावी लागतात. गावची शाखा आणि मुंबईचे मंडळ यांच्याकडे पत्ते असतात. मंडळाने आधी त्या माणसाला विचारावे आणि तो हो म्हणाला तरच नंबर द्यावा.

रस्त्याकाठची घरे म्हणजे गाव नव्हे

पाहणी करणारी गाडी ग्रामपंचायतीपाशी थांबते आणि जवळची वीस घरे झाली की परत जाते. बौद्धवाडी आणि कातकरीवाडी गावाच्या टोकाला, त्यामुळे त्या राहून जातात. योग्य रीत अशी : सर्व वाड्यांतल्या घरांना क्रमांक द्यायचे आणि चिठ्ठ्या टाकून घरे निवडायची. लहान वाड्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या टाकायच्या, म्हणजे त्यांची पुरेशी घरे येतात. निवडलेल्या घराला कुलूप असेल तर शेजारचे घर धरायचे नाही, संध्याकाळी किंवा रविवारी पुन्हा जायचे. दिवसा घरी सापडतो तो म्हातारा किंवा आजारी. मजुरीला गेलेला माणूस आकड्यातून गळतो.

जुलैत विचारून जानेवारीत मोजू नका

आपल्याकडचा धसका पावसाबरोबर वाढतो. उपचारापूर्वी जुलैत विचारले आणि उपचारानंतर जानेवारीत, तर जवळपास प्रत्येकाला बरे वाटणारच, कारण पाऊस थांबला. गुण औषधाचा की ऋतूचा, हे कळायचे नाही. म्हणून या जुलैची तुलना पुढच्या जुलैशी हवी.

काही जण वेळ जाईल तसे आपोआपही सावरतात. म्हणून उपचार न मिळालेल्यांशी तुलना लागते. पण मुद्दाम कुणाला उपाशी ठेवून नव्हे. समुपदेशक एकच असेल आणि सगळ्यांना एकदम घेता येत नसेल, तर कुणाचा नंबर आधी आणि कुणाचा तीन महिन्यांनी, हे चिठ्ठीने ठरवावे. ज्याची अवस्था गंभीर आहे त्याला थांबवू नये. नुसत्या प्रश्नावलीने "हाच उपचार बरा" असे सिद्ध होत नाही. उपचार कुणाला मिळाले, कुणाला नाही, ते का सोडले, खर्च किती आला आणि त्रास काय झाला, हे मात्र ती नक्की सांगते.

प्रश्न आपल्या बोलीत

पीटीएसडी मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी पीसीएल-५ नावाची प्रश्नावली आहे. तिच्यात २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८०. तिचे नुसते पुस्तकी भाषांतर चालत नाही. "अनाहूत स्मृतींचा त्रास होतो का?" असे विचारले तर आमच्या आयाबाया "नाही" म्हणून मोकळ्या होतात. "नको असताना तो दिवस डोळ्यांसमोर येतो का?" असे विचारले की त्या बोलू लागतात. प्रश्न आधी चार-पाच घरांत वाचून पाहावेत, आणि दुसऱ्या माणसाकडून ते मूळ भाषेत उलटवून अर्थ तोच राहिला का, हे तपासावे.

विचारणारा कोण, हेही महत्त्वाचे. उपचार करणाऱ्यानेच "आता कसे वाटते?" विचारले तर माणूस भिडेने "बरे आहे" म्हणतो. रुग्णालयाच्या वॉर्डात आम्ही हे रोज ऐकले आहे. ज्यांच्या शेतावर मजुरीला जातो त्यांच्या घरचा माणूस विचारायला आला तर हल्ल्याची, बहिष्काराची गोष्ट कोण सांगेल? आणि विहारातल्या कार्यकर्त्यासमोर "भगताकडे जाऊन आलो" हेही कुणी सांगत नाही. म्हणून विचारणारा बाहेरचा, शिकवून तयार केलेला असावा आणि बाईला बाईनेच विचारावे. आशाताईने घर दाखवावे, प्रश्न विचारू नयेत. वर्षावासात संध्याकाळी ग्रंथवाचनाला सगळे विहारात जमतात, तिथे पाहणीची माहिती जरूर द्यावी. उत्तरे मात्र एकांतात घ्यावीत, सासू आणि नवरा यांच्यासमोर नव्हे.

दारात आलेल्याला हे विचारा

• या कामाला नीतिशास्त्र समितीची मंजुरी आहे का? आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती लागते. माहितीपत्रकाची प्रत आणि समितीचा संपर्क आमच्याकडे ठेवा.

• आम्ही नाही म्हटले किंवा मध्येच थांबलो तर चालेल ना? नुकसानभरपाई, रेशन, घरकुल यांवर परिणाम होणार नाही ना? (होता कामा नये. आणि फॉर्म भरल्याने भरपाईही मिळत नाही, हे त्यांनी आधीच सांगितले पाहिजे.)

• सही येत नसेल तर सगळे वाचून दाखवाल का, साक्षीदार ठेवाल का? मुलांना विचारण्याआधी पालकांची आणि मुलाचीही संमती घ्याल का?

• नावे उत्तरांपासून वेगळी ठेवणार का? फोटो आणि व्हिडिओ नको.

• बोलता बोलता कुणाची तब्येत बिघडली, जीव देण्याचे विचार आहेत असे कुणी सांगितले, तर त्याच दिवशी मदत कोण करणार?

• पुन्हा कधी येणार? निकाल वाडीत येऊन सांगणार का?

उत्तरे नीट मिळाली तर सहकार्य करा, खरे सांगा, उपचार सोडले असतील तर तेही न लाजता सांगा. तुमचे "सोडले" हे उत्तर दवाखाना जवळ आणायला उपयोगी पडते. उत्तरे मिळाली नाहीत तर चहा द्या, पण फॉर्म भरू नका.

पाहणी येईल तेव्हा येईल. आज ज्याला झोप नाही, त्याने तिची वाट पाहू नये. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी व्यवस्थेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. महिला मंडळाने हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा आणि पावसाळा संपेपर्यंत पुसू नये.