निर्धास्त सरडे, फिकट गळे

साताऱ्याहून ठोसेघरच्या धबधब्याकडे जाणारा रस्ता पुढे चाळकेवाडीच्या पठारावर चढतो आणि नजर जाईल तिकडे पवनचक्क्या दिसू लागतात. उन्हाळ्यात जांभ्या दगडाचा हा सडा करपलेला असतो. अशा जमिनीची सातबाऱ्यावर नोंद बहुधा पोटखराबा अशीच होते. तिथे काही पिकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. राहत कोणी नाही, असा नव्हे.

पावसाआधीच्या या रखरखीत महिन्यांतच इथल्या सरड्यांचा विणीचा हंगाम असतो. नर एखाद्या दगडावर चढतो, मान उंचावतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उलगडतो. निळा, काळा, केशरी असे रंग क्षणभर झळकतात, मिटतात, पुन्हा झळकतात. मादीला बोलावणे आणि शेजारच्या नराला ताकीद देणे, दोन्ही त्यातच आले. 2016 मध्ये ही जात विज्ञानाला नवी म्हणून नोंदवली गेली. चाळकेवाडीच्या या रहिवाशाचे शास्त्रीय नावही अर्धे मराठीच आहे: सरडा सुपर्बा.

मादीला दिसतो तो झगमगाट वर घिरट्या घालणाऱ्या तिशाला आणि कापशी घारीलाही दिसतो. त्यामुळे मिरवायचे ते आभाळावर एक डोळा ठेवूनच.

पवनचक्क्या आल्यावर या जुन्या हिशेबाचे काय झाले, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर, तसेच अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी तपासले. त्यांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पठाराचा पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग त्यांनी ताडून पाहिला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट आढळले. पात्यांच्या परिसरात पक्षी कमी, त्यांचे हल्ले कमी, आणि सरडे मात्र भरपूर!

इथपर्यंतचे अंदाजाने सांगता आले असते. पुढचे मात्र चकित करणारे आहे. पवनचक्क्यांखालचे सरडे माणूस अगदी जवळ येईपर्यंत जागचे हलत नव्हते. ताणाच्या वेळी रक्तात वाढणारे कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरकही त्यांच्यात कमी भरले. म्हणजे भीती ओसरल्याची खूण त्यांच्या वागण्यात होती, तशी रक्तातही होती.

मग हे सरडे सुखात होते का? तसेही नाही. ते अंगाने रोड होते. एवढ्याशा जागेत इतकी तोंडे झाली की किड्यांसाठी चढाओढ लागणारच. आणि नरांच्या गळ्यावरचे निळे-केशरी रंग फिके पडले होते. ज्या रंगावर जोडीदार मिळणे अवलंबून, तोच उतरला होता. पवनचक्कीचे पाते सरड्याला कधी शिवतही नाही, तरी त्याचा परिणाम घारीमार्फत सरड्याच्या गळ्यापर्यंत पोहोचला.

वरचा शिकारी हटला की खालची सगळी घडी बदलते, हे रॉबर्ट पेन यांनी 1960च्या दशकात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील समुद्रकिनारी दाखवून दिले होते. खडकांच्या एका पट्ट्यातून ते तारामासे उचलून टाकत राहिले. तारामाशांचे खाद्य असलेल्या शिंपल्यांनी बघता बघता खडक व्यापला आणि इतर कित्येक जीवांना तिथे जागा उरली नाही. पेन यांनी शिकारी मुद्दाम हटवला होता. चाळकेवाडीत तसे कोणाच्या मनातही नव्हते.

पवनऊर्जा हवीच, कोळसा जाळण्यापेक्षा ती कितीतरी बरी. प्रश्न जागेचा आहे. शेती, रस्ते, वस्ती यांनी आधीच बदललेली जमीन पवनचक्क्यांसाठी पुरेशा वाऱ्याची असेल, तर सड्याआधी तिचा विचार व्हायला हवा. 2006च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यमापन अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्पांचा समावेश नाही, त्यामुळे मनोरे उभे राहण्याआधी तिथे काय नांदते आहे याची मोजदाद बंधनकारक नसते. पात्याला धडकून मेलेला पक्षी निदान जमिनीवर सापडतो. फिका पडलेला गळा ओळखायचा, तर तो आधी कसा होता याची नोंद हाताशी असावी लागते.