दुसऱ्याच्या गालावरचा स्पर्श

प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि श्रोत्यांमधल्या एका बाईंनी विचारलं, ‘पण असं सगळ्यांनाच होत नाही का?’

व्याख्यान देत होत्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या मेंदूशास्त्रज्ञ सारा-जेन ब्लेकमोर. दुसऱ्याला कुणी हात लावलेला नुसता पाहिला तरी काही माणसांना तो स्पर्श स्वतःच्या अंगावर जाणवतो म्हणे, असं त्यांनी बोलता बोलता सांगितलं होतं. तेव्हा ही गोष्ट ऐकीवच होती. बाईंना मात्र त्यात सांगण्यासारखं काय आहे हेच उमजेना. समोरच्याच्या गालाला कुणी बोट लावलं की आपल्याही गालाला ते लागतं, यात विशेष ते काय?

बाईंनी चाळिशी ओलांडली होती. इतकी वर्षं ही गोष्ट उघड व्हायचं काही कारणच पडलं नव्हतं. दुसऱ्याला चिमटा काढलेला पाहून तुला कुठे दुखतं, असं कोण कुणाला विचारतं? सिनेस्थेशिया, म्हणजे एका इंद्रियाच्या अनुभवाला दुसऱ्याचा अनुभव जोडून येणं, विज्ञानाला अपरिचित नव्हतं. मनासमोर आकडे ठरावीक जागी, कधी ठरावीक रंगांतही, पाहणाऱ्या माणसांबद्दल फ्रान्सिस गाल्टनने 1880 सालीच लिहून ठेवलं होतं. पण आकड्याला रंग असणं हा ज्याचा त्याचा खासगी मामला. इथे जोडणी दोन शरीरांमधली होती.

ब्लेकमोर यांनी बाईंना प्रयोगशाळेत बोलावलं. 2005 साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात शोधनिबंध आला, त्यात बाईंचा उल्लेख नुसता ‘सी’ असा आहे. मेंदूतली हालचाल टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्रात झोपवून त्यांना चित्रफिती दाखवल्या. काहींत माणसांना स्पर्श होत होता, काहींत निर्जीव वस्तूंना. तुलनेसाठी आणखी बारा जणांना त्याच फिती दाखवल्या. माणसाला झालेला स्पर्श पाहताना सींच्या मेंदूतला स्पर्शसंवेदनेचा भाग इतरांपेक्षा कितीतरी जास्त जागा झाला. मला मात्र त्या बारा जणांचा निकाल अधिक चकित करतो. ज्यांना अंगावर काहीच जाणवत नव्हतं, त्यांच्याही मेंदूत तोच भाग हलत होता. म्हणजे ही वाट सगळ्यांच्याच डोक्यात असते. बहुतेकांत ती जाणिवेच्या उंबरठ्याअलीकडे थांबते, सींमध्ये तो ओलांडते.

एका बाईवरून सिद्धान्त उभा राहत नाही. शिवाय ‘मला जाणवतं’ हे तोंडी सांगणं. ते खरं कशावरून? जेमी वॉर्ड आणि मायकेल बॅनिसी या संशोधकांनी यासाठी केलेली युक्ती मला पोलिसी उलटतपासणीइतकी बेरकी वाटते. त्यांनी असे दहा जण गाठले आणि साधे वीस. प्रत्येकाच्या गालावर यंत्राने हलकी टिचकी बसायची. कधी डाव्या, कधी उजव्या, कधी दोन्ही. त्याच वेळी समोरच्या पडद्यावर दुसऱ्या कुणाच्या तरी गालाला स्पर्श होताना दिसायचा. पडद्याकडे बघा, पण उत्तर मात्र खऱ्या टिचकीचंच द्या, एवढंच काम. दोन्ही स्पर्श एकाच बाजूला पडले तर अडचण नाही. बाजू वेगळ्या पडल्या की ते दहा जण अडखळायचे, उशिरा उत्तर द्यायचे. चुकायचेही अशाच तऱ्हेने, की पडद्यावरचा स्पर्श आपल्याच गालावर झाला म्हणून सांगायचे. वेळ आणि चूक यांचं सोंग आणणं फार कठीण.

हा निबंध 2007 साली आला. ‘मिरर-टच सिनेस्थेशिया’, म्हणजे पाहिलेला स्पर्श अंगावर जाणवणं, आणि समानुभूती यांचा संबंध आहे, असं त्याचं शीर्षकच सांगत होतं. ही बातमी ऐकून मराठी माणसाला पैठणच आठवणार. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. करुणेची पराकाष्ठा ती हीच, असं आपण धरूनच चालतो. तीच गोष्ट आता प्रयोगशाळेत सापडली, असं वाटून जातं.

पण निबंधातला आकडा नीट वाचायला हवा. समानुभूतीच्या प्रश्नावलीत त्या दहा जणांना सगळीकडे वरचे गुण मिळाले नव्हते. दुसऱ्याच्या भावनेने स्वतः हलून जाणं, या एका कप्प्यात ते पुढे होते. समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं आणि चारचौघांत वावरण्याचं कौशल्य, या कप्प्यांत ते इतरांसारखेच.

हा फरक एका तरुणीने नव्वद वर्षं आधीच मांडून ठेवला होता. एडिथ स्टाइन, जन्म 1891, गाव ब्रेस्लाउ. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, ती साथीच्या रोगांच्या लष्करी इस्पितळात परिचारिका होती. पुढच्याच वर्षी तिने फ्रायबुर्गला तत्त्वज्ञ एडमंड हुसर्लकडे समानुभूतीवरचा प्रबंध पुरा केला. त्या काळात थिओडोर लिप्स यांचं मत गाजत होतं: डोंबाऱ्याच्या कसरती पाहताना प्रेक्षक आतून त्याच्याशी एकरूप होतो. स्टाइनने ते नाकारलं. मी त्याच्या सोबत असते, तो होत नाही. त्याचा तोल हा त्याचाच अनुभव राहतो.

तिने दिलेलं उदाहरण तर थेट सींच्या गालापाशी पोचतं. टेबलावर टेकलेला दुसऱ्याचा हात शेजारच्या पुस्तकासारखा नुसता पडलेला दिसत नाही. त्याचा दाब, त्याचा ताण आपल्याला दिसतो, जणू आपलाच हात तिथे सरकला आहे. कुत्र्याचा जखमी पंजा पाहतानाही हे घडतं, असं ती म्हणते. मात्र त्यातला ‘जणू’ तिला फार मोलाचा होता. तो गळाला, की समोरच्याचं दुःख समोरच्याचं उरत नाही. माझ्या अंगावर एक नवं दुःख तयार होतं आणि माझं लक्ष त्याच्याकडे वळतं. इस्पितळात काम केलेल्या बाईला हे कळणं साहजिक होतं, असं मला वाटतं. रुग्णाच्या तापाने परिचारिकाच फणफणली, तर पाणी कोण देणार?

पुढच्या शोधांनी तिचीच बाजू बळकट केली. असे लोक शंभरात दीड-दोनच निघतात, हे 2009 साली बॅनिसी आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं. 2013 साली लारा मेस्टर, बॅनिसी आणि मानोस त्साकिरिस यांनी त्यांना आणखी वेगळ्या कसोटीवर घेतलं. अनोळखी चेहऱ्याला स्पर्श होताना या लोकांनी नुसतं पाहिलं. मग त्यांचा स्वतःचा आणि तो परका चेहरा एकमेकांत मिसळलेल्या प्रतिमा दाखवून ‘हा तुमचा चेहरा का?’ असं विचारलं. ज्यात परक्याचा अंश आधीपेक्षा जास्त होता, अशाही प्रतिमा ते आता आपल्या म्हणू लागले. साध्या माणसात एवढा बदल घडवायला पडद्यावरच्या स्पर्शाबरोबर त्याच क्षणी त्याच्या स्वतःच्या गालालाही स्पर्श करावा लागतो. इथे पाहणंच पुरलं. म्हणून या लोकांना आता सहसा कुणी समानुभूतीचे आदर्श नमुने मानत नाही. ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यातली रेघ मेंदू एरवी कशी राखतो, हे तपासायला त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं जातं.