कुत्र्यांमधील हार्मोनचे आजार: नैसर्गिक उपायांचा आधार कुठे घ्यावा, कुठे नाही

सात-आठ वर्षांचा कुत्रा हळूहळू सुस्त होतो. पोट सुटते, अंगावरचे केस विरळ होतात, पाण्याचे भांडे दिवसातून चार वेळा भरावे लागते. घरात सगळे म्हणतात, "वय झाले आता त्याचे." अनेकदा कारण वय नसून हार्मोन तयार करणारी एखादी ग्रंथी बिघडलेली असते.

निदान झाल्यावर डॉक्टर सांगतात की औषध बहुधा आयुष्यभर द्यावे लागेल. मग पुढचा प्रश्न हमखास येतो: "डॉक्टर, यावर काही नैसर्गिक उपाय नाही का?" हा प्रश्न प्रेमापोटीच येतो आणि त्याचे उत्तर 'आहे' असेच आहे. आहार, व्यायाम, त्वचेची निगा आणि शांत दिनचर्या यांचा या आजारांत खरा उपयोग होतो. मात्र हा आधार औषधासोबत घ्यायचा असतो. औषध बंद करून घेतला, तर काही आजारांत कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

कोणत्या ग्रंथी, कोणते आजार?

थायरॉइडची कमतरता: गळ्यातील थायरॉइड ग्रंथी कमी हार्मोन तयार करते. खाणे तेवढेच असूनही वजन वाढते, कुत्रा झोपून राहतो, थंडी सहन होत नाही. अंगाच्या दोन्ही बाजूंचे आणि शेपटीचे केस जातात, त्वचेचे संसर्ग पुन्हा पुन्हा होतात. गोल्डन रिट्रीव्हर आणि डॉबरमन या जातींत हा आजार तुलनेने जास्त दिसतो.

कुशिंगचा आजार: मूत्रपिंडांजवळच्या ॲड्रिनल ग्रंथी गरजेपेक्षा जास्त कॉर्टिसॉल तयार करतात. आपोआप उद्भवणाऱ्या कुशिंगमध्ये सुमारे 80 ते 85 टक्के कुत्र्यांत मूळ कारण मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतील गाठ असते, बाकीच्यांत ॲड्रिनलमधील. खूप तहान, खूप लघवी, न भागणारी भूक, धाप, लोंबणारे पोट आणि पातळ त्वचा ही लक्षणे दिसतात.

ॲडिसनचा आजार: हा कुशिंगच्या उलट. ॲड्रिनल ग्रंथी पुरेसे हार्मोन तयार करत नाहीत. कधी उलटी, कधी जुलाब, कधी अशक्तपणा, मधेच काही दिवस बरे. म्हणून तो पटकन ओळखू येत नाही.

मधुमेह: स्वादुपिंडातून पुरेसे इन्सुलिन मिळत नाही. तहान, लघवी आणि भूक वाढते, तरी वजन घटते. डोळ्यांत मोतीबिंदू लवकर होऊ शकतो.

निदानाआधी उपाय का नकोत?

वरची यादी पुन्हा पाहा. कुशिंग आणि मधुमेह दोन्हींत तहान वाढते. थायरॉइड आणि कुशिंग दोन्हींत केस जातात आणि सुस्ती येते. मूत्रपिंडाच्या आजारातही पाणी पिणे वाढते. लक्षणांवरून अंदाज बांधून एखादे चूर्ण सुरू केले, तर मूळ आजार आत वाढत राहतो.

थायरॉइडच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. कुत्रा दुसऱ्या एखाद्या आजाराने बेजार असेल किंवा स्टेरॉइड, फिट्सचे किंवा सल्फा गटातील औषध घेत असेल, तर टी-4 ची पातळी थायरॉइड निरोगी असूनही कमी येऊ शकते. त्यामुळे एकट्या टी-4 वर निदान करू नये. टीएसएच आणि गरज पडल्यास फ्री टी-4 पाहावे लागते.

तपासणीला जाताना तुम्ही कुत्र्याला काय काय देता आणि लावता, ते सगळे सांगा. त्यात एक गोष्ट हमखास राहून जाते: मेडिकलमधून आणलेले खाजेचे मलम. अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. महिनोन्महिने ते लावले, कुत्र्याने चाटले किंवा खाजेच्या गोळ्या दीर्घकाळ चालू राहिल्या, तर बाहेरून आलेल्या स्टेरॉइडमुळेच कुशिंगची लक्षणे दिसू लागतात. अशा वेळी ते स्टेरॉइड कमी करत बंद करणे हाच उपाय असतो. पण ते एका दिवसात थांबवू नका. कुत्र्याच्या स्वतःच्या ग्रंथी तोपर्यंत मंदावलेल्या असतात, म्हणून डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो.

घरी तुम्ही काय करू शकता?

1. पाणी मोजा, कधीही तोडू नका

सकाळी मोजून पाणी ठेवा. 24 तासांनी उरलेले मोजा. असे तीन दिवस करा. बादलीतले किंवा बाथरूममधले पाणी कुत्रा पीत नाही ना, हेही पाहा. 20 किलोचा कुत्रा साधारण 1 ते 1.2 लिटर पितो. दर किलोमागे 100 मिलीपेक्षा जास्त, म्हणजे या कुत्र्याच्या बाबतीत 2 लिटरहून अधिक पाणी जात असेल, तर तपासणी हवीच.

घरात लघवी होते म्हणून रात्री पाण्याचे भांडे उचलून ठेवण्याची चूक बरेच जण करतात. या आजारांत लघवीवाटे पाणी आधीच निघून जात असते आणि कुत्रा ते भरून काढण्यासाठी पीत असतो. पाणी तोडल्यास शरीर कोरडे पडते. त्यापेक्षा रात्री उशिरा एक फेरी वाढवा.

2. आहार साधा आणि बेताच्या चरबीचा ठेवा

थायरॉइडची कमतरता, कुशिंग आणि मधुमेह या तिन्हींत रक्तातील चरबी वाढू शकते आणि स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. तूप लावलेली पोळी, चिकनची कातडी, मटणाची चरबी आणि ताटातले उरलेले तळण बंद करा. कातडी काढलेले उकडलेले चिकन किंवा अंडे यांतून प्रथिने मिळू द्या. भूक भागत नसेल तर उकडलेली दुधी, फरसबी, गाजर किंवा लाल भोपळा, मीठ-मसाला न घालता, थोडा मिसळा. खाऊ दिवसभराच्या एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांपुरताच ठेवा.

पूर्णपणे घरचे जेवण देत असाल तर ते संतुलित आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. नुसत्या दूध-पोळीवर किंवा भात-चिकनवर कॅल्शियम आणि इतर घटक कमी पडतात. मधुमेहात जेवणाची वेळ आणि प्रमाण रोज सारखे हवे, कारण इन्सुलिनचा डोस त्यावर ठरलेला असतो.

3. व्यायाम थोडा, पण रोज

कुशिंगमध्ये स्नायू अशक्त होतात आणि उकाडा सोसत नाही. लांब फेरीऐवजी सकाळी लवकर आणि सूर्यास्तानंतर 10-15 मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या करा. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, म्हणून त्याच्या नेहमीच्या वाटेवर रबरी चटई किंवा जुनी सतरंजी अंथरा. थायरॉइड कमी असलेल्या कुत्र्याला हिवाळ्यात उबदार गोधडी द्या.

4. त्वचेची निगा

डॉक्टरांनी सुचवलेल्या औषधी शाम्पूने आंघोळ, नीट वाळवणे आणि हलक्या हाताने केस विंचरणे एवढे पुरते. कोरड्या जागी थोडे खोबरेल तेल लावायला हरकत नाही, पण ते चाटू देऊ नका. टी-ट्री तेल वापरू नका, ते कुत्र्यांना विषारी ठरते.

5. शांतता आणि ठरलेली दिनचर्या

ॲडिसनमध्ये हे फार महत्त्वाचे आहे. ताण आला की निरोगी शरीर जास्त कॉर्टिसॉल तयार करते, या कुत्र्यांना ते जमत नाही. दिवाळीचे फटाके, प्रवास, घरातले लग्नकार्य, शस्त्रक्रिया अशा प्रसंगांआधी डॉक्टरांशी बोला. त्या दिवसांपुरता औषधाचा डोस वाढवावा लागू शकतो.

लोकप्रिय 'नैसर्गिक' पदार्थ: काय खरे, काय नाही

- समुद्री शेवाळ आणि आयोडीन: कुत्र्यांतील थायरॉइडची कमतरता बहुतेक वेळा आयोडीन कमी पडल्यामुळे होत नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा ग्रंथीवर हल्ला करते किंवा ग्रंथी आक्रसते. आयोडीन देऊन ती परत वाढत नाही, उलट जादा आयोडीन अपाय करू शकते.
- अश्वगंधा: माणसांमध्ये ती थायरॉइड हार्मोनची पातळी वाढवू शकते. त्यामुळे औषध घेणाऱ्या कुत्र्यात तपासणीचे आकडे दिशाभूल करू शकतात. स्वतःहून देऊ नका.
- ज्येष्ठमध: यातील घटक शरीरात कॉर्टिसॉलचा परिणाम वाढवतो, रक्तदाब चढवतो आणि पोटॅशियम घटवतो. कुशिंगमध्ये हे नेमके उलटे पडते. ॲडिसनमध्येही ते औषधाची जागा घेऊ शकत नाही.
- मेलाटोनिन आणि जवसातील लिग्नान: सौम्य लक्षणांच्या कुशिंगमध्ये काही पशुवैद्य हे वापरून पाहतात. पुरावा मर्यादित आहे. माणसांसाठीच्या मेलाटोनिनमध्ये झायलिटॉल नाही ना, हे वेष्टनावर वाचा. झायलिटॉल कुत्र्यांना विष आहे.
- माशाचे तेल: ओमेगा-3 त्वचेला उपयोगी पडते. पण ते तेलच आहे, म्हणून प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.
- कारले, मेथी, जांभूळ बी: कुत्र्यांच्या मधुमेहात इन्सुलिनची जागा यांपैकी काहीही घेऊ शकत नाही.
- लसूण, कांदा, मनुका, द्राक्षे: 'घरचेच आहे' म्हणून देऊ नका. लसूण-कांद्याने रक्तातील लाल पेशी फुटतात, मनुका-द्राक्षांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

औषध देताना

लेव्होथायरॉक्सिन अन्नासोबत कमी शोषले जाते. ते शक्यतो उपाशीपोटी आणि रोज एकाच पद्धतीने द्या. कॅल्शियमची पावडर त्याच वेळी देऊ नका. कुत्र्याचा डोस दर किलोमागे माणसाच्या डोसपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. मेडिकलवाल्याने "एवढा डोस?" असे विचारले म्हणून घाबरून गोळी अर्धी करू नका, डॉक्टरांना फोन करा.

कुशिंगसाठीचे ट्रायलोस्टेन मात्र जेवणासोबत द्यायचे. घरात कोणी गरोदर असेल तर तिने ते हाताळू नये. ट्रायलोस्टेनवर असलेल्या कुत्र्याने अचानक खाणे सोडले, उलट्या झाल्या किंवा तो अगदी गळून गेला, तर पुढचा डोस देऊ नका आणि लगेच डॉक्टरांशी बोला. कॉर्टिसॉल फार खाली गेल्याची ती खूण असू शकते.

ताबडतोब दवाखाना कधी गाठावा?

- ॲडिसनचा कुत्रा कोसळला, थरथरतो आहे किंवा सतत उलट्या-जुलाब होत आहेत
- मधुमेही कुत्रा लडखडतो, झटके येतात किंवा शुद्ध हरपते आहे. शुद्धीत असेल तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळा आणि निघा. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात काही ओतू नका
- मधुमेही कुत्रा खात नाही आणि उलट्या करतो
- अचानक श्वास घेण्यास त्रास होतो

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बरे वाटू लागले, आता औषध बंद करू का?
नाही. बरे वाटते ते औषधामुळे. ॲडिसनमध्ये औषध किंवा मधुमेहात इन्सुलिन थांबले, तर थोड्याच दिवसांत जिवावर बेतू शकते.

केस कधी परत येतील?
थायरॉइडचे औषध सुरू झाल्यावर तरतरी साधारण एक-दोन आठवड्यांत दिसू लागते. केसांना काही महिने लागतात. सुरुवातीला जुने केस आणखी गळू शकतात, त्याने घाबरू नका.

मादीला मधुमेह आहे, नसबंदी करावी का?
माजानंतर वाढणाऱ्या हार्मोनमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. त्यामुळे बहुतेक वेळा नसबंदीचा सल्ला दिला जातो. वेळ डॉक्टर ठरवतील.

शेवटी एक काम

एक वही करा. त्यात रोजचे पाणी, भूक आणि औषधाची वेळ, दर पंधरा दिवसांनी वजन आणि महिन्यातून एकदा दोन्ही बाजूंचा फोटो ठेवा. नवा नैसर्गिक पदार्थ सुरू करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि सुरू केल्याची तारीख वहीत लिहा. तुमचा कुत्रा "आज मला बरे वाटत नाही" असे सांगू शकत नाही. पण तीन दिवस पाणी वाढलेले वहीत दिसले, तर तुम्हाला ते वेळेवर कळते आणि पुढची तपासणी लवकर होते.