कॅलाबारची बी

काचबिंदूच्या औषधांचा इतिहास वाचायला घेतला की दर वेळी मी एकाच ठिकाणी रेंगाळतो: आजच्या नायजेरियातल्या कॅलाबार बंदरात. तिथल्या एफिक समाजात चेटकाचा आळ आलेल्या माणसाला एका वेलीची बी खायला देत. उलटी होऊन वाचला तर निर्दोष, मेला तर दोषी. आपल्याकडची रवादिव्यं (उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढून निर्दोषपणा ठरवण्याच्या कसोट्या) ज्यांनी महजरांतून, म्हणजे जुन्या निवाडापत्रांतून, वाचली आहेत, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

स्कॉटिश मिशनऱ्यांमार्फत बिया एडिंबरोला पोचल्या. 1855 मध्ये रॉबर्ट ख्रिस्तिसन या विषतज्ज्ञाने त्यातली थोडी स्वतःच खाल्ली. अंगातलं त्राण जाऊ लागलं, तेव्हा दाढीचं पाणी पिऊन त्याने उलटी काढली आणि जीव वाचवला. या बीने बाहुली आक्रसते, असं टॉमस फ्रेझरने 1862 च्या प्रबंधात नोंदवलं. पुढच्याच वर्षी नेत्रतज्ज्ञ अर्गाइल रॉबर्टसनने तिचा अर्क डोळ्यात वापरून पाहिला. ही नावं ग्रंथांतून सापडतात. पिढ्यान्‌पिढ्या बीचा गुण जाणणारे एफिक मात्र 'स्थानिक लोक' एवढ्यावर उरकले जातात. हा उघड अन्याय आहे.

मला सर्वांत ओढ वाटते ती स्ट्रासबर्गच्या लुडविग लाकूर या नेत्रतज्ज्ञाची. या बीतल्या फायसोस्टिग्मीनने काचबिंदूत डोळ्याचा दाब उतरतो, हे त्याने 1876 मध्ये जाहीर केलं. काचबिंदूवरचं हे पहिलं गुणकारी औषध, आणि ते देणारा स्वतःच त्या दुखण्याचा रोगी! मधूनच त्याची नजर धुरकट व्हायची, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायची. डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) बाहुलीतून पुढे येऊन कडेच्या कोनातून झिरपून जातं. कोन अरुंद असला आणि बाहुली विस्फारली की बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा तिथेच अडसर होतो, दाब चढतो. फायसोस्टिग्मीनच्या थेंबांनी बाहुली लहान होते, पडदा कोनातून ओढला जातो, झटका ओसरतो. पण कोन अरुंदच राहतो. पडद्याचा तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया बर्लिनच्या ग्रेफे या नेत्रतज्ज्ञाने 1857 मध्येच मांडली होती. स्वतःच्या शोधाला कवटाळून न बसता लाकूर 1880 मध्ये झुरिकला हॉर्नर या नेत्रतज्ज्ञाकडे गेला आणि तीच शस्त्रक्रिया करवून घेतली. त्याचं मोठेपण मला शोधापेक्षाही यात दिसतं.

आज पडद्याला भोक पाडायला लेसरची काही मिनिटं पुरतात. उघड्या कोनाचा काचबिंदू जास्त दगाबाज: दुखत नाही, कडी दिसत नाहीत, कडेची नजर झिजत जाते. त्याच्यासाठी 1968 पासून ट्रॅबेक्युलेक्टॉमी ही शस्त्रक्रिया, 1978 पासून टिमोलॉलचे आणि 1996 पासून लॅटानोप्रोस्टचे थेंब आले. पण हे सारे उपाय दाबच उतरवतात. दृष्टीच्या नसेचे मेलेले तंतू परत येत नाहीत. 'आता चांगलं दिसतंय' म्हणून थेंब सोडणाऱ्यांची म्हणूनच धास्ती वाटते. आणि घरात एकाला काचबिंदू निघाला, की सख्ख्या भावंडांचा दाब, कोन आणि नस त्याच महिन्यात तपासून घ्यायला हवी; चष्म्याचा नंबर काढून येणं म्हणजे ही तपासणी नव्हे.